संगणक टीव्हीला जोडला, पण अक्षरं नीट का दिसत नाहीत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या टीव्हीसाठी थांबलेल्यांना निमित्त मिळालं. बैठकीत नवा ४३ इंची आला की जुना ३२ इंची आतल्या खोलीत जातो, आणि मग घरातल्या कुणालातरी सुचतं: पोरगी अकरावीला आहे, लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे ताणून लेक्चर बघते, हाच टीव्ही तिला जोडून दिला तर? जिल्हा परिषदेच्या शाळांतही हेच चाललंय. लोकवर्गणीतून टीव्ही येतो, गुरुजी आपला लॅपटॉप आणतात, वायर लावतात.

वायर लागते, चित्र येतं, आणि मग तक्रारी सुरू होतात. अक्षरं पुसट दिसतात. खालची पट्टी आणि घड्याळ पडद्याबाहेर गेलेलं असतं. काळा रंग राखाडी वाटतो. कुणाला 'नो सिग्नल' येतं, कुणाला नुसतं मुकं चित्र. अमळनेरकडच्या एका काकूंचा फोन आला होता, "भाऊ, चित्र दिखी ऱ्हायनं, पन आवाज काब येत नही?" बहुतेक जण मग वायर बदलतात, त्यानं झालं नाही तर टीव्हीला दोष देतात आणि शेवटी पोरीला पुन्हा लॅपटॉपसमोर बसवतात.

यातल्या बऱ्याच घरांत ना टीव्ही बिघडलेला असतो ना संगणक. टीव्हीला वाटतं आपल्याकडे सिनेमा येतोय. संगणक पाठवत असतो अक्षरं. दोघांचं जुळवून द्यावं लागतं, आणि ते काम दहा मिनिटांचं आहे. फक्त आत काय चाललंय ते माहीत हवं.

## ठिपक्यांची जाळी

टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका आडव्या ओळीत किती ठिपके आणि अशा ओळी किती, हे दोन आकडे मिळून रिझोल्यूशन होतं. घरोघरी साधारण तीन प्रकार दिसतात. 'एचडी रेडी' म्हणजे बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८, एकूण साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे १९२० बाय १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६००. आणि 'फोर-के' म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख. ही जाळी कारखान्यात बनते. सेटिंगमध्ये काहीही बदललं तरी त्यात एक ठिपका वाढत नाही.

संगणकसुद्धा चित्र ठिपक्यांतच पाठवतो. त्यानं पाठवलेला एक ठिपका टीव्हीच्या नेमक्या एका ठिपक्यावर पडला, तर अक्षर कोरल्यासारखं दिसतं. आकडे जुळले नाहीत की टीव्ही आपल्या हिशेबानं ते ठिपके पडद्यावर वाटून टाकतो. सिनेमात ही वाटणी डोळ्याला जाणवत नाही, कारण चेहरा, झाडं, आभाळ यांच्या कडा मुळातच मऊ असतात. अक्षराची रेघ एक-दोन ठिपक्यांची असते. ती निम्मी या ठिपक्यावर, निम्मी शेजारच्यावर गेली की काळ्या रेघेची राखाडी पट्टी होते. आपल्या देवनागरीला याचा जास्तच फटका बसतो. अनुस्वार, रफार, 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ, सगळं इतकं बारीक की आधी तेच पुसलं जातं.

हे चांगलं समजायचं असेल तर रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात चला. इनलाइन ठिबकच्या नळीत ड्रीपर कारखान्यातूनच ठराविक अंतरावर बसवून येतात. समजा एका खोडाला एक ड्रीपर असा हिशेब आहे आणि खोडं पाच-पाच फुटांवर लावलीत. ड्रीपरही पाच फुटांवर असतील तर प्रत्येक खोडाच्या बुंध्याशी पाणी पडेल. पण नळी आली साडेचार फुटांची, तर पहिल्या खोडाला पाणी बरोबर पडेल, दुसऱ्याला थोडं अलीकडे, पुढे सरकत सरकत ते दोन खोडांच्या मधल्या कोरड्या जागेत पडायला लागेल आणि बऱ्याच अंतरानं पुन्हा एखाद्या खोडाशी जुळेल. पाणी तेवढंच, मोटारही तीच, पण बाग एकसारखी भिजत नाही. १२८० ठिपक्यांची ओळ १३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर ताणली की हेच होतं. वरचे ८६ ठिपके कुठेतरी वाटून भरावे लागतात, म्हणून एकाच ओळीत काही अक्षरं स्वच्छ दिसतात आणि काही पुसट.

तेव्हा पहिलं काम हे: टीव्हीची जाळी किती बाय किती आहे ते शोधा आणि संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तोच आकडा ठेवा.

## "पण माझ्या पडद्यावर तर १०८० लिहून येतंय"

इथे भले भले फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

वायर जोडली की टीव्ही संगणकाला आपली ओळख पाठवतो. अवघ्या १२८ बाइटपासून सुरू होणारी ही माहिती असते, तिला ईडीआयडी म्हणतात. त्यात टीव्हीचं नाव असतं आणि कोणकोणते आकडे चालतात त्याची यादी असते. चालतात म्हणजे घेता येतात. पडद्यावर तेवढे ठिपके आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. १३६६ बाय ७६८ चा टीव्हीसुद्धा १९२० बाय १०८० चं चित्र खुशाल घेतो, कारण डिशचा बॉक्स तेच पाठवतो. घेतल्यावर तो ते आक्रसून आपल्या लहान जाळीत बसवतो. विंडोज ती यादी वाचून १०८० निवडतं आणि आपल्याला वाटतं, चला, आपला टीव्ही फुल एचडी निघाला.

याचा गैरफायदा विक्रीत घेतला जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ३२ इंची टीव्हीच्या खोक्यावर 'फोर-के सपोर्ट' असं ठसठशीत छापलेलं असतं. टीव्ही फोर-केचा व्हिडिओ चालवू शकतो एवढाच त्याचा अर्थ, दिसणार तो साडेदहा लाख ठिपक्यांतच. शेतकरी माणूस कापूस विकून आलेल्या पैशातून लेकरासाठी टीव्ही घेतो, त्याला हा फरक काउंटरवर कुणी सांगत नाही. म्हणून दुकानात "एचडी आहे का?" असं विचारू नका. "पॅनल किती बाय किती?" असं विचारा. घरी आलेल्या टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून 'डिस्प्ले रिझोल्यूशन' ही ओळ वाचा. खरा आकडा तिथे सापडतो.

एचडी रेडीवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. यादीत १३६६ बाय ७६८ असेल तर तेच घ्या. नसेल तर १३६० बाय ७६८ दिसतं का बघा. १३६६ ला आठनं पूर्ण भाग जात नाही आणि जुनी यंत्रणा रुंदी आठाच्या पटीत मोजायची, म्हणून कित्येक टीव्हींनी १३६० चा आकडा ठेवलाय. कडेला तीन-तीन ठिपक्यांची काळी रेघ राहते, पण अक्षरं स्वच्छ येतात. यातला एकही आकडा यादीत नसेल तर त्या टीव्हीवर अक्षरं थोडी पुसट राहणार हे धरून चाला, आणि अक्षरांचा आकार वाढवून वेळ भागवा.

जुळलं की नाही ते घरीच तपासता येतं. विंडोजमधलं स्केल, म्हणजे अक्षरांच्या आकाराचं सेटिंग, १०० टक्के करा. पेंट उघडा, पेन्सिलीची जाडी सगळ्यात कमी ठेवा आणि एक ठिपका सोडून एक अशा आठ-दहा उभ्या काळ्या रेघा ओढा. चित्र लहान-मोठं न करता मूळ आकारातच टीव्हीजवळ जाऊन बघा. सगळ्या रेघा सारख्या काळ्या आणि मधल्या जागा सारख्या पांढऱ्या दिसल्या तर ठिपक्याला ठिपका बसला. काही रेघा जाड, काही राखाडी, काही गायब असतील तर अजून कुठेतरी गणित चुकतंय. आकडे बरोबर असूनही चुकत असेल, तर चोर बहुतेक पुढच्या मुद्द्यात आहे.

## कडा कुठे गेल्या?

आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी. तेव्हाचे टीव्ही काचेच्या पिक्चर ट्यूबचे. त्यांत चित्राचा आकार पक्का नसायचा. व्होल्टेज कमी-जास्त झालं, टीव्ही तापला की चित्र आकसायचं किंवा पसरायचं. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र मुद्दाम थोडं मोठं करून ठेवत, कडा चौकटीआड जाऊ देत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात.

आजच्या सपाट पडद्याला याची काही गरज उरलेली नाही, तरी कित्येक टीव्ही सवयीनं चित्र थोडं मोठं करतातच. बातम्या बघताना कडेचे दोन-चार टक्के कापले गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. संगणकाचं मात्र सगळं कडेलाच असतं: स्टार्टचं बटण, घड्याळ, खिडकी बंद करायची फुली. आणि चित्र मोठं झालं म्हणजे ठिपक्याला ठिपका बसायचं गणितही मोडलं. म्हणजे एकाच सेटिंगमुळे कडाही जातात आणि अक्षरंही बिघडतात.

उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये जा. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल' अशी नावं आढळतात. बाकीच्यांत 'ओव्हरस्कॅन ऑफ', 'डॉट बाय डॉट', '१:१' असं काहीतरी असतं. '१६:९' वर ठेवलेलं असेल तर आधी तेच बदलून बघा.

काही जण हे न करता संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन तिथली सरकपट्टी ओढतात आणि चित्र आक्रसून घेतात. कडा दिसायला लागतात, माणूस खूश होतो. पण आता संगणक चित्र लहान करतोय आणि टीव्ही तेच पुन्हा मोठं करतोय, दोन्हीकडे ठिपक्यांची मोडतोड. टीव्हीत खरोखर सोय नसेल तरच त्या वाटेनं जावं.

## कोणती वायर, कुठली पिन

व्हीजीए ही निळी, १५ पिनांची, दोन बाजूंना पिळायचे स्क्रू असलेली वायर. आयबीएमनं १९८७ मध्ये आणली. ती चित्र व्होल्टेजच्या चढ-उतारात पाठवते, म्हणजे अ‍ॅनालॉग. वायर लांब किंवा हलकी असेल तर अक्षरांना सावल्या पडतात. आवाज तिच्यातून जातच नाही. १९९९ मध्ये डीव्हीआय आली, तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपात म्हणजे डिजिटल जायला लागलं. डिसेंबर २००२ मध्ये सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, तोशिबा वगैरे कंपन्यांनी मिळून एचडीएमआयचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला: १९ पिना, चित्र आणि आवाज एकाच वायरीत. आजच्या टीव्हीवर हीच असते. लॅपटॉपलाही असेल तर विचार करू नका, सरळ हीच लावा.

डीव्हीआय आणि एचडीएमआय यांची चित्राची भाषा एकच आहे, म्हणून जुन्या सीपीयूला डीव्हीआय असेल तर साधी बदल-पिन पुरते. दोन्ही दिशांनी चालते. डिस्प्ले पोर्टवाल्या ऑफिसच्या संगणकांनाही एचडीएमआयची स्वस्त वायर मिळते, पण ती फक्त संगणकाकडून टीव्हीकडेच चालते.

टाइप-सीचं मात्र जपून. भोक एकसारखं दिसलं तरी प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर पडत नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि बऱ्याच मोबाइलमध्ये ते फक्त चार्जिंग आणि फाइल पाठवण्यापुरतं असतं. भोकाशेजारी डिस्प्ले पोर्टची इंग्रजी 'डी'-'पी'ची खूण किंवा विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण असेल तर चित्र मिळतं. खूण नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघितल्याशिवाय कन्व्हर्टर विकत घेऊ नका.

सीपीयूमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मागे दोन ठिकाणी एचडीएमआय दिसते. वायर कार्डाच्या भोकात लावा, खालच्या आडव्या पट्टीत. वरच्या, मदरबोर्डच्या भोकात लावली की बहुधा 'नो सिग्नल' येतं आणि माणूस टीव्ही घेऊन दुरुस्तीला जातो.

## कन्व्हर्टर उलटा चालत नाही

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात कुठल्याही दुकानात 'व्हीजीए-एचडीएमआय' मागितलं की काउंटरवर डबी येते. तिच्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'एचडीएमआय टू व्हीजीए' आणि 'व्हीजीए टू एचडीएमआय' या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. आत चिप असते आणि ती एकाच दिशेनं काम करते. जुना संगणक व्हीजीएचा आणि टीव्ही एचडीएमआयचा असेल तर 'व्हीजीए टू एचडीएमआय' हवी. तिला बहुतेक वेळा वेगळी यूएसबीची वायर असते वीज घ्यायला, आणि आवाजासाठी हेडफोनची पिन. या दोन शेपट्या दिसल्या की ओळखा, वस्तू बरोबर आहे.

टीव्हीच्या मागे व्हीजीएचं भोक असेल तर कन्व्हर्टर लागतच नाही. जुन्या ३२ इंचींना ते असायचं. सरळ निळी वायर लावा आणि १३६० किंवा १३६६ चा आकडा निवडा.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा 'एव्ही' कन्व्हर्टर संगणकासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. पिवळ्या पिनेतून जास्तीत जास्त ५७६ ओळींचं जुन्या पद्धतीचं चित्र जातं. त्यावर गाणी बघता येतील, धडा वाचता येणार नाही.

## महागडी केबल घेतली तर चित्र सुधारेल ना?

हा समज व्हीजीएच्या काळातला आहे आणि त्या काळापुरता खरा होता. अ‍ॅनालॉगमध्ये वायर जितकी चांगली तितकं चित्र स्वच्छ. डिजिटलमध्ये आकडे जातात. ते पोचले तर चित्र पूर्ण बरोबर, नाही पोचले तर पांढऱ्या ठिणग्या उडतात, चित्र लपलपतं किंवा पडदा काळा होतो. चित्र स्थिर येतंय पण अक्षरं पुसट आहेत, अशा वेळी केबल बदलून फायदा नाही. दोष आकड्यांत आहे.

लांबी मात्र बघावी लागते. दोन-तीन मीटरला साधी 'हाय स्पीड' लिहिलेली केबल पुरते. वर्गात टीव्ही भिंतीवर आणि लॅपटॉप टेबलावर, मधे दहा मीटर अंतर, अशा ठिकाणी जाड, चांगल्या प्रतीची केबल घ्या, आणि भिंतीत गाडायच्या आधी एक दिवस उघड्यावर चालवून बघा. प्लास्टर झाल्यावर ठिणग्या दिसल्या तर शाळेचा पैसा वाया जातो.

## फोर-के घेतला आणि माउस अडखळतोय

फुल एचडीचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर सेकंदाला जवळपास तीन अब्ज बिट जावे लागतात, बिट म्हणजे एक किंवा शून्य. फोर-केला ठिपके चौपट, म्हणून बारा अब्ज. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमताच १०.२ अब्जांची, त्यामुळे तिच्यातून फोर-के सेकंदाला ३० वेळाच जातं. २०१३ च्या २.० मध्ये क्षमता १८ अब्जांवर गेली आणि ६० वेळा पाठवणं जमलं. २०१७ च्या २.१ मध्ये ती ४८ अब्जांपर्यंत पोचली.

मळ्यात मेन लाइन चार इंची टाकून मधे एक दोन इंची तुकडा जोडला तर पुढे पाणी त्या दोन इंचीच्या हिशेबानंच जातं. इथेही तसंच: लॅपटॉप, कन्व्हर्टर, केबल, टीव्हीचं भोक, यातलं जे सगळ्यात जुनं ते वेग ठरवतं. ३० च्या वेगावर सिनेमा ठीक दिसतो, पण माउस हलवला की बाण उड्या मारत जातो. अशा वेळी सेटिंग फुल एचडीवर आणून ६० चा वेग घ्या. फोर-केची जाळी फुल एचडीच्या बरोबर दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच असल्यामुळे एका ठिपक्याचे चार होतात आणि वाटणी तशी सरळ जाते.

सगळं नवं असूनही ६० मिळत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआयला जास्त क्षमता दिली आहे का बघा. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'डीप कलर' अशा नावाखाली ती असते, आणि ती अनेकदा बंद ठेवलेली असते.

## रंग आणि काळेपणा

पडद्यावर निळ्या रंगावर लाल अक्षरं लिहिली की कडा पिसाटल्यासारख्या दिसतात. जागा वाचवायला व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ठेवलेली असते, आणि टीव्ही आलेल्या प्रत्येक चित्राला व्हिडिओच समजून तसंच वागवतो. रिमोटवरून त्या एचडीएमआयचं नाव बदलून 'पीसी' करा. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हींत हे नाव बदलताच टीव्ही आतली वागणूकही बदलतो, रंग पूर्ण दाखवतो. सोनीत चित्राचा 'ग्राफिक्स' मोड निवडा. सोबत शार्पनेस खाली आणा. तो वाढवला की अक्षरं ठळक होतात असं वाटतं, खरं म्हणजे अक्षराभोवती पांढरी किनार उमटते.

काळा राखाडी दिसत असेल किंवा गडद भाग एकदम बुडाले असतील तर मोजपट्टीचा घोळ आहे. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ मोजतो, व्हिडिओची रीत १६ ते २३५ ची. दोन्हीकडे एकच ठेवा: संगणकात 'फुल' असेल तर टीव्हीतही 'फुल', किंवा दोन्हीकडे 'लिमिटेड'.

## आवाज

काकूंच्या घरी आवाज लॅपटॉपमधूनच येत होता, तोही बारीक करून ठेवलेला. विंडोजमध्ये खाली उजवीकडे स्पीकरच्या चित्रावर जाऊन आवाज कुठून हवा ते निवडायचं, तिथे टीव्हीचं नाव येतं. वायर व्हीजीएची असेल तर हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर टीव्हीच्या 'ऑडिओ इन'मध्ये टाकावी लागते.

आणि चित्रच येत नसेल तर विंडोजचं बटण दाबून 'पी' दाबा. चार पर्याय येतात: फक्त संगणक, दोन्हीकडे एकच, पसरवलेलं आणि फक्त दुसरा पडदा. 'दोन्हीकडे एकच' निवडलं की लॅपटॉप आणि टीव्ही दोघांना एकच आकडा घ्यावा लागतो आणि टीव्हीचं गणित बिघडू शकतं. अभ्यासासाठी 'फक्त दुसरा पडदा' चांगला.

## टीव्ही मॉनिटरसारखा जवळ घेऊन बसलं तर?

पालकांना ही काळजी असते आणि ती योग्य आहे. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा एक ठिपका सुमारे ०.२८ मिलिमीटरचा. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचा ०.५२, म्हणजे जवळपास दुप्पट. हातभर अंतरावरून तो ठिपका वेगळा दिसतो आणि अक्षरं ओबडधोबड वाटतात. टीव्ही भिंतीला आणि खुर्ची पाच-सहा फुटांवर, अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के, अशी मांडणी करा. ४३ इंची फोर-केचा ठिपका मात्र ०.२५ मिलिमीटरचा असतो. तो टेबलावर थोडा मागे सरकवून मॉनिटर म्हणून खुशाल वापरता येतो.

शाळेतली कसोटी सोपी आहे. शेवटच्या बाकावर बसा आणि टीव्हीवरचा धडा वाचून बघा. वाचता आला नाही तर आकार वाढवा, मग एका पानावर चारच ओळी मावल्या तरी चालेल.

## "वायरच कशाला, वायफायवरून होतं की"

होतं. मिराकास्ट नावाची पद्धत २०१२ पासून आहे आणि तिला इंटरनेटही लागत नाही. पण त्यात चित्र दाबून-चेपून पाठवलं जातं, टीव्हीवर पुन्हा उलगडलं जातं. त्यात अक्षरांची धार जाते आणि माउस मागे राहतो. फोटो दाखवायला, लग्नाचा व्हिडिओ बघायला चांगली सोय. रोज दोन तास वाचायचं असेल तर वायरच लावा. एका पैशाचा डेटा लागत नाही आणि मधे काही तुटत नाही.

## पत्र्याला हात लावला की झिणझिण्या

हा मुद्दा शेवटी ठेवला, पण सगळ्यात गंभीर हाच आहे.

संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डबीत विजेतला खरखराट जमिनीत सोडायला छोटे कपॅसिटर असतात. तिसऱ्या, जाड पिनेतून तो अर्थिंगला जातो. अर्थिंग नसेल किंवा दोन पिनांचा जोड लावून जाड पिन मोकळी सोडली असेल, तर सीपीयूच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण तोच पत्रा एचडीएमआयच्या बाहेरच्या कवचाला जोडलेला असतो. दुसरीकडे टीव्हीला डिशची वायर आलेली असते, ती गच्चीवरच्या लोखंडाला. वायर खोचताना या दोघांतला फरक एका ठिणगीत मिटतो, आणि कधी कधी टीव्हीचं एचडीएमआयचं भोक कायमचं मरतं.

म्हणून संगणक आणि टीव्ही एकाच बोर्डावर घ्या, तीन पिनांवर. एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हींचे प्लग भिंतीतून काढलेले असू द्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. खान्देशात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा आतपर्यंत सुकतो. हिवाळ्यात बरोबर असलेलं अर्थिंग मे महिन्यात कामाचं राहत नाही. मीठ-कोळसा भरलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. वळवाचं आभाळ भरून आलं की आधी दोन्ही प्लग काढा, मग डिशची आणि एचडीएमआयची वायर, आणि वीज पूर्ण थांबल्यावर उलट्या क्रमानं लावा: प्लग बाहेर असतानाच डिशची आणि एचडीएमआयची वायर, त्यानंतर प्लग, टीव्ही आधी सुरू, संगणक नंतर, म्हणजे सुरू होतानाच तो टीव्हीची ओळख वाचतो आणि 'नो सिग्नल'चा प्रश्न येत नाही.